रेडिएटरमधली हळद

महागूच्या गाडीला दर आठवड्याला दोन चमचे हळद लागत असे, आणि ती हळद तो स्वतःच्याच घरातल्या डब्यातून चोरत असे.

गाडी काळी, गोल पाठीची, जुन्या परदेशी बनावटीची होती. बालाघाटजवळच्या मँगनीजच्या खाणीवरचा कोणी साहेब नोकरी सोडून गेला तेव्हा ती मागे राहिली, दोन-तीन हातांतून फिरली आणि १९७९ साली महागूच्या अंगणात आली. तिच्यासाठी घरची दुभती म्हैस गेली आणि राजेगावच्या वाट्याची आंब्याची चार झाडं गेली. महागू तोवर दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर होता. त्याच्याआधीची दोन भावंडं जगली नव्हती, म्हणून आईनं हा तरी राहावा यासाठी त्याचं नाव महागू ठेवलं होतं. तो राहिला, सडपातळ आणि मितभाषी राहिला, आणि चाळिशीत मालकीच्या गाडीचा धनी झाला.

पाचव्या वर्षी रेडिएटर गळू लागला. रेडिएटरची तांब्याच्या नळ्यांची जाळी खालच्या टाकीला जिथं जोडलेली असते, तिथं उजव्या कोपऱ्यात आधी ओल दिसली, मग थेंब. रेडिएटर काढून गोंदियाला नेणं हा त्यावरचा सरळ उपाय होता. त्याला खर्च होता आणि तीन दिवस गाडी उभी ठेवावी लागणार होती. स्वस्त उपाय सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक होता. पाण्यात हळद कालवून वरून ओतायची. ती पाण्याबरोबर फिरत फिरत भोकापाशी जाते, फुगते आणि तिथंच बसते. सात-आठ दिवस निभतात. महागू हळदीची पूड तंबाखूच्या पत्र्याच्या डबीत भरून गाडीच्या पुढच्या खणात ठेवी. मागे पाण्याचे दोन डबे असत. कोणत्या रस्त्यावर कोणत्या मैलाला विहीर आहे, कुठलं बोरिंग चालू आहे, कोणता नाला चैतात आटतो, हे त्याला शाळेतल्या पाढ्यांसारखं पाठ झालं होतं.

भंगाराचा व्यापारी दुलीचंद महिन्यातून एकदा चक्कर मारी. गाडीच्या टपावर हात ठेवून म्हणे, "महागूभाई, अभी दे दो. अभी तो अपने पैरों से चलकर मेरे गोदाम तक आ जाएगी. अगले साल ठेले पर लानी पड़ेगी."

महागू गाडीच्या काचा पुसत राही. पण अनुसया, त्याची बायको, ऐकत असे. १९८४ च्या होळीनंतर तिनं एकदाचं सांगून टाकलं.

"एवढी लगीनसराई पाहू. गाडीनं काही देल्लं तं राहू द्या. नाही देल्लं तं जेठात दुलीचंदले देऊन टाका. मले अंगणात म्हैस पाह्यजे."

"हौ," महागू म्हणाला.

त्यात अन्याय नव्हता हे त्यालाही कळत होतं. त्या काळी बालाघाटात नवरदेवाला मोटारीतून नेणं ही मानाची गोष्ट होती आणि भाड्यानं मिळणाऱ्या मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. वैशाखात महागूच्या गाडीला सहा लग्नांचे इसार, म्हणजे आगाऊ पैसे, आले. सहा लग्नं नीट पार पडली तर गाडी राहणार होती. लग्नांआधी हाती पैसे नव्हते आणि लग्नांच्या मधे तीन दिवस मोकळे नव्हते, म्हणून गोंदिया लांबणीवर पडलं आणि हळद चालू राहिली.

पहिलं लग्न बडे बाबूंकडचं होतं. चिंतामणराव बहेकार तहसिलीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, पण गाव त्यांना अजून बडे बाबूच म्हणे. धाकटा मुलगा गुणाकर याचं लग्न लामत्याच्या भैयालालच्या मुलीशी ठरलं होतं. मे महिन्याचा दुसरा आठवडा, मुहूर्त संध्याकाळचा. बडे बाबूंनी कागदावर वेळापत्रक लिहून दिलं होतं. पहाटे नवरदेवाला हळद लागेल. साडेपाच वाजता त्याची उष्टी हळद घेऊन गाडी लामत्याला निघेल. सातच्या आत पोचेल. ती हळद नवरीला लागल्यावर गाडी परत येईल आणि दोन वाजता नवरदेवाला घेऊन पुन्हा निघेल. वऱ्हाड छोट्या रेल्वेनं जाईल. एवढ्या सकाळी हळद पोचवणारी रेल्वे नव्हती, बस होती; पण आपल्या घरची हळद बसमधून जाणं बडे बाबूंना पसंत नव्हतं.

आदल्या दिवशी अनुसयेनं गाडी धुतली, काचा पुसल्या, बॉनेटला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. पुढचा खण पुसताना तिला तंबाखूची डबी सापडली. महागू तंबाखू खात नसे. तिनं झाकण उघडलं, पूड बोटावर घेतली आणि होळीच्याही आधीपासून घरातली हळद एवढी कशी उडते याचा उलगडा तिला झाला. तिनं डबी स्वयंपाकघरातल्या डब्यात रिकामी केली, होती तिथं परत ठेवली आणि नवरा आता काय बोलतो ते पाहायचं ठरवलं. नवरा काहीच बोलला नाही, कारण त्यानं डबी उघडलीच नाही.

साडेपाचला गाडी निघाली. मागे दोघी बसल्या होत्या. नवरदेवाची थोरली बहीण आशालता नागपूरला दिलेली, शिक्षिका. तिच्या मांडीवर चोळीच्या खणानं झाकलेली चांदीची वाटी. शेजारी दुर्गाबाई, बडे बाबूंच्या शेजारघरची म्हातारी सवाष्ण, तिच्या मांडीवर हिरव्या साडीचं ताट. गाव मागे पडलं, ऊन वर आलं. चारेगावच्या अलीकडे बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ निघू लागली.

"काहून रे महागू," दुर्गाबाई पुढे वाकून म्हणाली, "तुह्या गाडीले घाम काहून येऊन राह्यला?"

"उतरू नका काकी. दोन मिन्टं."

त्यानं गाडी पळसाच्या सावलीत घेतली. खाली वाकून पाहिलं. थेंब पडत नव्हते, सुतळीएवढी धार लागली होती. त्यानं ओलं पोतं टाकून हळूच टोपण सैल केलं, वाफ जाऊ दिली, दोन्ही डबे ओतले आणि खण उघडून डबी काढली. डबी हलकी लागली. झाकण उघडलं. आत पिवळा डाग तेवढा होता. हे कोणी केलं असणार ते त्याला लगेच कळलं, आणि आपल्याला काही बोलता येणार नाही हेही कळलं.

पुढे लामत्यापर्यंत एकच बोरिंग होतं आणि तेही चार मैलांवर. मधले नाले कोरडे. धार अशीच राहिली तर गाडी दोन मैलही जाणार नव्हती. तो डबी हातात घेऊन उभा राहिला आणि त्याची नजर आशालतेच्या मांडीवर गेली. ती त्यानं लगेच काढून घेतली.

"काय पाह्यतं रे वाटीकडे?" दुर्गाबाईनं विचारलं.

"काही नाही काकी."

"नवी नवरी पाह्यल्यावानी पाह्यतं अन म्हणे काही नाही. बोल ना."

मग त्यानं सांगितलं. गळती, हळद, रिकामी डबी. आशालतेनं वाटीवर हात ठेवला.

"ही नवरीच्या अंगाला लागायची आहे, महागू. भावाच्या अंगावरची हळद आहे ही."

"हौ ताई. म्हणून तं मी मांगून नाही राह्यलो."

"मागत नाहीस, पण उभा आहेस ना समोर."

महागू बाजूला झाला. बसची वाट पाहावी, असं आशालता म्हणाली. सकाळची बस निघून गेली होती, पुढची साडेआठला होती. दुर्गाबाईनं ताट सीटवर ठेवलं आणि पाय बाहेर काढले.

"आशा, तिकडे पोरगी उपाशीपोटी पाटावर बसून असन. नऊ वाजेपर्यंत बसवून ठेवतं का तिले? नखावर मावन एवढी नेली तरी शकुन होते. माह्या लग्नात माह्या सासरहून आली तवा बोटावरच आली होती. चाळीस वर्सं झाली, अजून हाये आमचं म्हातारं."

आशालतेनं रिकाम्या रस्त्याकडे एकदा पाहिलं. मग तिनं खण बाजूला केला आणि वाटी स्वतःच तिरपी धरली. महागूनं चिमटीनं गोळा उचलला, डब्यातल्या उरल्यासुरल्या पाण्यात काडीनं ढवळला आणि ओतला. इंजिन चालू केलं. धार कमी झाली, थांबली नाही. त्यानं पुन्हा हात पुढे केला. आशालतेनं पुन्हा वाटी तिरपी केली. दुसऱ्या खेपेला धार थांबली आणि वाटीत तळापुरतं पिवळं उरलं.

हात पुसताना महागूला बोटं बुळबुळीत लागली.

"ताई, तेल होतं का हिच्यात?"

"असणारच की. तिळाचं. अंगाला लावायची हळद कोरडी कशी असेल?"

महागूनं टोपण घट्ट बसवलं. कोरडी हळद गळती बुजवते. तेल नळ्यांच्या आतून लेप बसवतं, मग पाणी फिरतं पण थंड होत नाही. हे त्याला दहा वर्षं माहीत होतं आणि त्या दहा मिनिटांत आठवलं नव्हतं. गाडी निघाली. बोरिंगवर पाणी भरून त्यांनी पाऊण तासात लामता गाठलं.

मांडवात बायका ताटकळल्या होत्या. नवरी प्रेमलता पिवळ्या लुगड्यात पाटावर बसली होती. तिची आजी रुख्माबाई पुढे आली, तिनं दोघींना कुंकू लावलं, वाटी घेतली आणि खण काढला. वाटीकडे पाहून तिनं ती शेजारणीला दाखवली.

"बालाघाटच्या बजारातली हळद सरली का व?"

बायका हसल्या. ते हसू चांगलं नव्हतं. आशालतेचा चेहरा उतरला. कमी हळद पाठवणारं घर म्हणून नाव व्हायचं, की सोयऱ्यांची हळद गाडीला पाजणारं घर म्हणून? तिला दोन्ही नको होतं. ती घाईनं म्हणाली, "वाटेत थोडी सांडली."

हसू थांबलं. रुख्माबाईचा हात वाटीवरच राहिला. कोणीतरी मागे पुटपुटलं. नवरीच्या आईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. लग्नाची हळद रस्त्यात सांडते, याचा अर्थ त्या मांडवातल्या प्रत्येक बाईनं आपल्या मनात लावून घेतला.

महागू मांडवाच्या दाराशी पाणी पीत उभा होता. त्या मांडवात साठ-सत्तर माणसं होती. त्यांपैकी दोन घरांनी त्याला पुढच्या लग्नांचे इसार दिले होते आणि तिसऱ्या घराचा माणूस खुर्च्या मांडत होता. गळका रेडिएटर असलेल्या गाडीत नवरदेव कोणी बसवत नाही. तो गप्प राहिला असता तर आशालता काय ते निभावून नेणार होती. त्यानं लोटा खाली ठेवला.

"सांडली नाही, आजी. माह्या गाडीनं खाल्ली."

सगळे वळले.

"म्हणजे काय रे?" रुख्माबाई म्हणाली.

"माह्या गाडीचा रेडिएटर फुटला हाये. त्यात हळद टाकल्याबिगर गाडी चालत नव्हती. माही हळद घरी राह्यली. ताई नाही म्हणत होत्या, मीच घेतली. एक थेंब जमिनीवर नाही पडला. सांडली म्हणाल तं ते खोटं हाये."

"दाखव," रुख्माबाई म्हणाली.

म्हातारी काठी टेकत बाहेर आली. तिच्यामागे अर्धा मांडव आला. महागूनं बॉनेट उचललं. जाळीच्या खालच्या कोपऱ्यात ओला पिवळा ओघळ होता. रुख्माबाईनं बोट लावलं, वास घेतला आणि ते बोट नवरीच्या आईच्या नाकाशी धरलं.

"हळदच हाये व. तेलाची हाये." मग ती महागूकडे वळली. "गाडी नवरदेवाच्या घरची का?"

"नाही आजी. माही हाये."

"मंग आज तिचंही लगन लागून गेलं म्हण. एकाच वाटीतली हळद दोघींले."

या वेळचं हसू निराळं होतं. रुख्माबाईनं वाटीचा तळ बोटानं पुसून काढला, घरच्या हळदीत कालवला आणि पहिलं बोट स्वतः नातीच्या कपाळाला लावलं. आशालता दुर्गाबाईच्या शेजारी जाऊन बसली. खुर्च्या मांडणारा माणूस मात्र बॉनेटपाशीच थांबला होता. तो आणि आणखी दोघे खाली वाकून बराच वेळ काहीतरी पाहत होते.

परतीच्या वाटेवर महागू एकटाच होता. दोघी लामत्यालाच राहिल्या. दर दोन मैलांवर गाडी थांबवावी लागली. टोपण काढलं की पाण्यावर पिवळा फेस आणि तेलाचे तवंग दिसत. सव्वा तासाच्या रस्त्याला तीन तास लागले. साडेबाराला तो बडे बाबूंच्या दारात उभा राहिला. गाडीला फुलं लावायला माळी आला होता.

"बडे बाबू, नवरदेवाले या गाडीत नका बसवू."

चिंतामणरावांनी चष्मा काढला. महागूनं सगळं सांगितलं, हळदीसकट.

"हे काल सांगता आलं असतं," ते म्हणाले.

"हौ. काल सांगता आलं असतं."

"मी विचारलं होतं तुला. गाडी ठीक आहे ना, म्हणून."

"विचारलं होतं."

"आणि तू हौ म्हणालास."

"म्हणलो."

चिंतामणरावांना आणखी बोलायचं होतं, पण समोरचा माणूस प्रत्येक गोष्ट कबूल करत असल्यामुळे बोलण्याला पुढे जागा राहिली नाही. त्यांनी माळ्याला थांबवलं, घड्याळ पाहिलं आणि नवरदेवानं वऱ्हाडाबरोबर रेल्वेनं निघावं असं ठरवलं. महागूनं इसार ओट्यावर ठेवला. गुणाकर मुंडावळ्या पिशवीत घालून छोट्या रेल्वेच्या लाकडी बाकावर बसून लामत्याला गेला, आणि स्टेशनापासून मांडवापर्यंत त्याला भैयालालच्या छकड्यातून नेलं. मुहूर्त टळला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन इसार परत मागितले गेले. तिसरा आठवडाभरानं गेला. सहापैकी दोन लग्नं उरली, तीही महिन्याच्या शेवटाची.

पहिले दोन इसार गेले त्या रात्री जेवताना अनुसया म्हणाली, "डबीतली हळद मीच काढली."

"माहीत हाये."

"मांगितली असती तं..."

"देल्ली असती का?"

तिनं विचार केला. "दर हप्त्याले दोन चमचे? नसती देल्ली."

"मंग?"

"मंग तवाच समजलं असतं ना मले, का गाडी किती बिघडली हाये ते. होळीच्या आंधीच गोंदियाले धाडलं असतं तुम्हाले. हळद काय, माह्या गाठीच्या पैशातून धाडलं असतं."

महागूनं बोटांवर तारखा मोजल्या. आता हातची लग्नं गेली होती, पण दिवस होते. दहा दिवस सलग मोकळे. सकाळी दुलीचंद आला. लामत्याची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली होती आणि तो हसत हसतच अंगणात शिरला. महागू गाडीखाली आडवा होऊन नट सोडत होता.

"खोल रहे हो? अरे, मेरे आदमी खोल लेंगे."

"मैं ही खोल लेता हूँ, सेठ," महागू खालूनच म्हणाला. "मेरे को गोंदिया ले जाना है."

त्यानं रेडिएटर पोत्यात बांधला, खांद्यावर घेतला आणि गोंदियाची गाडी पकडली. तिथल्या रेडिएटरवाल्यानं तो उलटा केला, बोट घातलं आणि बाहेर आलेला पिवळा गाळ उन्हात धरला.

"क्यों भाई, इसमें भजिये तले थे क्या?"

"ऐसाइच समझो."

सोड्याच्या उकळत्या पाण्यानं धुतल्यावर खरी स्थिती दिसली. जाळीच जुनी झाली होती. नवी जाळी घालायची तर महागूच्या आवाक्यापलीकडचं काम होतं. कारागिरानं दुसरा मार्ग सांगितला. गळणाऱ्या पाच नळ्या दोन्ही टोकांनी चेपून त्यांना कथील-शिशाचा डाख द्यायचा, म्हणजे त्या कायमच्या बंद. उरलेल्या नळ्यांवर गाडी चालेल. "लेकिन ठंडा कम करेगा. सपाट पे चलाओ, पचास साल चलाओ. चढ़ाई पे मत ले जाना. समझे?"

महागूला एवढंच परवडत होतं. त्यानं ते करून घेतलं आणि डाख निवेपर्यंत समोर बसून राहिला.

महिन्याच्या शेवटची दोन्ही लग्नं पार पडली. निघण्यापूर्वी त्यानं दोन्ही घरांत जाऊन, न विचारता, बॉनेट उघडून बंद केलेल्या नळ्या दाखवल्या. एका घरच्यांना ते विचित्र वाटलं. दुसऱ्या घरच्या म्हाताऱ्यानं नळ्या मोजल्या आणि मान हलवली. जेठ लागला. दुलीचंद आला नाही. अनुसयेनं त्याचं नाव काढलं नाही, म्हशीचंही काढलं नाही. तिनं अंगणात गाडीच्या जागेवर चार बांबू रोवून वर पत्रे टाकून घेतले.

पुढे सात वर्षं महागूची गाडी चालली. लामता, राजेगाव, वारासिवनी, सपाटीवर जिथं म्हणाल तिथं. पावसाळा संपला की जंगलातल्या कामांचे ठेकेदार आणि सरकारी माणसं बैहरला जायला स्टँडवर येत. ते भाडं सगळ्यांत चांगलं असे आणि रस्ता घाटाचा. महागूला कोणी विचारलं की तो जागचा उठे.

"बैहर नाही जमत, साहेब. घाट हाये."

"अरे, जास्त घे. दहा जास्त घे."

"पैशाचं नाही. रेडिएटरच्या पाच नळ्या बंद हायेत. पाह्यता का?"

बहुतेक लोक पाहत नसत. मग तो त्यांची बॅग स्वतः उचलून पलीकडच्या जीपमध्ये ठेवून देई.